खव्याच्या भट्टीवर वास हरवला तेव्हा

डोळे अधू झाले तर लोक हात धरून रस्ता ओलांडून देतात. कानाला कमी येत असलं तर जवळ येऊन मोठ्यानं बोलतात. पण "माझं नाक गेलं" असं सांगितलं की माणसं आधी हसतात. एका पाहुण्या बाईनं तर मला विचारलं होतं, "म्हंजी? जाग्यावर तर दिसतंय की!" तिचं काही चुकलं नाही. माझ्यावर वेळ येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं की माणूस चालता-बोलता, खाता-पिता राहतो आणि त्याचा वास तेवढा निघून जातो. ज्यांच्यावर ही वेळ आली असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. दहावी पास आहे, आणि माझा धंदा खव्याचा आहे.

घाट

माझं नाव महादेवी. माहेर सिरसाळ्याचं, सासर चौसाळ्याचं. आम्ही वाणी. सासऱ्यांच्या माघारी किराणा दुकान दिरांकडे गेलं आणि घराच्या पाठीमागची खव्याची भट्टी आमच्याकडे आली. सकाळी गावातले आणि वस्तीवरचे लोक म्हशीचं दूध आणून घालायचे, दारातल्या आमच्या म्हशीचंही त्यात पडायचं. मी आणि आत्याबाई, म्हणजे माझी सासू, ते कढईत आटवायचो. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, खवा फडक्यात बांधून गाडीवर बीडच्या मिठाईवाल्यांना पोचवायचे.

त्या काळात सगळंच नवं नवं येत होतं. गावात एसटीडीचं बूथ झालं होतं, घराघरांवरून केबलची तार गेली होती, आणि आम्ही जुनी सायकल देऊन एम-एटी गाडी घेतली होती. एरवी मी त्या गाडीवर बसत नसे. त्या दिवशी गिरिजाला, माझ्या लेकीला, शाळेचा गणवेश घ्यायचा होता, म्हणून मांडीवर खव्याची टोपली घेऊन मी मागं बसले. मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर खडी सांडलेली होती. गाडी घसरली एवढं आठवतं. मालक पुढच्या अंगाला पडले, त्यांचे गुडघे फुटले. मी पाठीमागं उताणी पडले आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली.

शुद्ध आली तेव्हा मी औरंगाबादच्या दवाखान्यात होते. सिटी स्कॅन झालं होतं. डोक्यात थोडं रक्त साकळलंय, ते आपोआप विरेल, ऑपरेशन लागणार नाही, असं डॉक्टरांनी मालकांना सांगितलं होतं. नर्सबाई यायच्या, डोळ्यांत बॅटरी मारायच्या आणि दर वेळी तेच विचारायच्या, "नाव काय? गाव कोणतं?" मी म्हणायचे, "महादेवी, चौसाळा." पुढं पुढं मला त्याची चीड येऊ लागली. पण नाव-गाव सांगता येणं ही केवढी गोष्ट आहे, हे शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे बघून कळायचं. तिला तिचं नाव आठवत नव्हतं.

त्या बाईच्या पायाला जखम होती, तिची पट्टी सोडली की मालक उठून बाहेर जायचे. म्हणायचे, "कसं बसवतं गं तुला हितं? नाक फुटायची पाळी आली." मला वाटायचं, मी पडून आहे, मला सवय झाली असेल.

ठसका

घरी आले. डोकं दुखायचं, उठलं की गरगरायचं, पण दिवसागणिक बरं वाटत होतं. तोंडाला तेवढी चव नव्हती. वरण खाल्लं काय आणि पिठलं खाल्लं काय, सारखंच. मीठ कळायचं, तिखट झोंबायचं, गोड गोड लागायचं, पण त्याच्या पलीकडे काही नाही. आत्याबाई म्हणाल्या, "दवाखान्याच्या गोळ्यांनी तोंड मेलंय. येईल."

काळ्या मसाल्याचे दिवस होते. आत्याबाई चुलीवर मिरच्या भाजत होत्या. मला इतका ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. त्या खूश झाल्या. "ठसका लागतोय म्हंजी नाक चालू हाय की गं!" मलाही बरं वाटलं. पण त्या मिरच्यांनंतर त्यांनी धने भाजले, खोबरं भाजलं, दगडफूल भाजलं. मी तिथंच बसले होते आणि माझ्यापर्यंत काहीच पोचलं नाही.

भट्टीवर पहिल्यांदा परत उभी राहिले तो दिवस मात्र विसरता येत नाही. कढईत दूध दाटत आलं होतं, मी हातातल्या लोखंडी उलथण्यानं तळ खरडत होते. खवा वासावर उतरवायचा असतो. दुधाचा कच्चा वास जातो, मग एक गोडसर, भाजल्यासारखा वास येतो, आणि त्याच्यानंतर लगेच करपट. त्या दोन वासांच्या मधे कढई खाली घ्यायची. लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी पहिली गोष्ट हीच शिकवली होती. त्या दिवशी मी त्या गोडसर वासाची वाट बघत ढवळत राहिले. ढवळतच राहिले.

आत्याबाई पुढच्या खोलीतून ओरडल्या, "अगं मादेवी! करपलं की सगळं! नाक हाय का न्हाई तुला?"

त्या नेहमीसारखंच रागावल्या होत्या. मी कढईत पाहिलं. कडा तपकिरी झाल्या होत्या, धूर निघत होता. मी वाकून त्या धुरात तोंड घातलं आणि जोरानं श्वास ओढला. डोळे चुरचुरले. वास नव्हताच. मी तिथंच भट्टीजवळ खाली बसले आणि म्हणाले, "न्हाई, आत्याबाई. मला नाक न्हाई."

चहाची गाळणी

बीडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई होत्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि एकेक बाटली नाकाखाली धरली.

"काही येतंय?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई."

दर वेळी मी श्वास जास्त जोरानं ओढत होते. शाळेत तोंडी परीक्षेला उत्तर येत नसल्यासारखं झालं होतं. मग एकदम नाकात काहीतरी झणकन गेलं आणि मी मान मागं घेतली. "आलं! आलं बाई!"

"काय आलं?"

"झोंबलं."

त्यांनी बाटली बंद केली. म्हणाल्या, "हा वास नाही. हे झोंबणं आहे. झोंबणं, ठसका, गारवा, हे सांगणारी नस वेगळी असते. ती तुमची शाबूत आहे. वासाची नाही."

मालक खुर्चीच्या टोकाला बसले होते. त्यांनी विचारलं, "पन बाई, डोक्याला मागून लागलं. नाकाला तर खरचटलं बी न्हाई."

तेवढ्यात बाईंचा चहा आला होता. त्यांनी ट्रेमधली गाळणी उचलली, झटकली, आणि टेबलावरच्या कापसाची बारीक सुतं ओढून गाळणीच्या भोकांतून वर काढली. म्हणाल्या, "हे बघा. नाकाच्या अगदी वर, छताला, बोटाच्या पेराएवढी एक जागा असते. तिथं नसांची टोकं असतात, केसापेक्षा बारीक. खवा शिजतो तेव्हा त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत उडतात, नाकातल्या ओलाव्यात विरघळतात आणि त्या टोकांवर जाऊन बसतात. प्रत्येक टोकाला ठरावीक कणच ओळखता येतात. किल्ली कुलपात बसावी तसा कण बसला की ते टोक वर मेंदूला कळवतं. एका वासाला पुष्कळ टोकं एकदम जागी होतात. कुठली कुठली जागी झाली, त्यावरून मेंदू ओळखतो, हा खवा, ही लवंग, हे रॉकेल."

मग त्यांनी गाळणीच्या वरच्या बाजूला बोट ठेवलं. "आणि टोकांपासून मेंदूकडे जाणारे धागे असे एका हाडातून जातात. हाड चाळणीसारखं असतं. तुम्ही मागं पडलात, मेंदूला आतल्या आत हिसका बसला." त्यांनी सुतं वरच्या वर ओढली. दोन-तीन तुटली.

मी त्या तुटलेल्या सुतांकडे बघत राहिले. इतक्या साध्या गोष्टीनं एवढं होतं, हे मनाला पटेना.

"परत येतंय का?" मी विचारलं.

"शरीरातल्या बहुतेक नसा तुटल्या की तुटल्या. पण ही टोकं जन्मभर नवी येत राहतात, म्हणून आशा आहे. काहींना येतं, काहींना थोडं येतं, काहींना येत नाही. औषध माझ्याकडे नाही. वर्षभर वाट पाहायची. खोटा भरवसा मी देणार नाही."

मला त्यांचा राग आला नाही. माणूस खरं सांगतो तेव्हा पाय टेकायला जमीन मिळते. पण बाहेर आल्यावर मालक पायरीवरच थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "कुनालाच सांगायचं न्हाई हे. खवेवालीला वास येत न्हाई म्हनल्यावर कोन दूध घालील आन् कोन खवा घील?"

कान आणि हात

काही दिवस मी नुसती पडून होते. आता दुखत काही नव्हतं, तरी पडून होते. वास नसला की घर आपलं वाटत नाही. सकाळ आणि संध्याकाळ सारखी होते. मी अंगाला वास येईल या भीतीनं दोन-दोनदा अंघोळ करायचे. भाजी शिळी आहे का हे कळत नव्हतं म्हणून गिरिजाला वाढण्याआधी आत्याबाईंना हुंगायला लावायचे. आणि सारखं वाटायचं, मी काचेच्या पलीकडून सगळं बघते आहे.

भट्टीवर आत्याबाई उभ्या राहायच्या. त्यांचे गुडघे गेलेले. एक कढई उतरवली की त्या भिंत धरून बसायच्या. मालकांनी एक दिवस सरळ विषय काढला. खाजगी डेअरीचा टँकर नुकताच गावाच्या फाट्यापर्यंत यायला लागला होता. "आपल्या म्हशीचं दूध तिथं घालू. भट्टी बंद करू. तुला बी आराम, आईला बी."

मी म्हणाले, "आन् मी काय करू?"

"घर कर की."

त्यात त्यांना वाईट काही म्हणायचं नव्हतं. पण मला एकदम कळलं की मी हो म्हटलं तर उरलेलं आयुष्य मी आजारीच राहणार. मी उठले, पदर खोचला आणि म्हणाले, "भट्टी चालू राहील. मी शिकते."

"काय शिकतीस?"

"खवा."

आत्याबाईंना मी दाराजवळ पाटावर बसवलं आणि सांगितलं, "तुमी बोलायचं न्हाई. मी 'आता' म्हनले की मग सांगायचं, बरूबर का उशीर." आणि कढई ठेवली. आयुष्यभर मी खवा नाकानं केला होता, त्यामुळे बाकी कशाकडे लक्षच दिलं नव्हतं. आता ऐकायला लागले. दूध आधी खळखळतं. मग आवाज जाड होतो, गुबुक गुबुक असे बुडबुडे फुटतात. मग एक वेळ येते की कढई गप्प होते. उलथणं जड होतं, खवा कडा सोडून मधे गोळा व्हायला लागतो, कडेला तुपाची झाक दिसते. या वेळेला विस्तव मागं ओढायचा, करपट वास येण्याच्या आधीच.

"आता!" मी म्हणायचे.

"उशीर," आत्याबाई म्हणायच्या. "आता!" "लवकर." "आता!" "उशीर गं बाई, लई उशीर." एकदा मी चिडून उलथणं आपटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी तुझं नाक व्हायला बसलेय. माझ्यावर कावून वरडतीस?" मला हसू आलं आणि रडूही आलं. उलथणं उचललं आणि पुन्हा दूध ओतलं.

कित्येक कढया वाया गेल्या. पण एक दिवस आत्याबाई पाटावर बसल्या बसल्या पेंगत होत्या, मी "आता" म्हणाले, कढई उतरवली, आणि त्यांनी डोळे न उघडताच मान हलवली. बरोबर होतं.

दुधाची रांग

खवा जमला तरी दूध पारखण्याचं उरलंच होतं. पूर्वी मी प्रत्येकाच्या कळशीत वाकून वास घेऊनच दूध घ्यायचे. किंचित आंबलेलं दूध कढईत गेलं की सगळं फाटतं. आता मी दाराशी छोटा स्टोव्ह मांडला आणि प्रत्येकाचं पळीभर दूध उकळून बघायला लागले. फाटलं नाही तर घ्यायचं. रांग लांबायला लागली. लोक कुरकुरायला लागले.

सोपानबापू म्हणून एक म्हातारे होते, वस्तीवरून यायचे, लग्न झाल्यापासून मी त्यांचं दूध घेत होते. माझ्या हातातल्या पळीकडे बघून ते म्हणाले, "कावून गं मादेवी? इतक्या सालाचं माझं दूध, आन् आता भरोसा न्हाई व्हय? का टँकरवाल्यागत फॅटचं मशीन लावनार मला?"

मालक ओसरीवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. पण बापूंचा चेहरा दुखावलेला होता आणि त्यांना खोटं काय सांगायचं, हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी सांगितलं नसतं.

"बापू, तुमच्या दुधाचं काही न्हाई. माझं नाक गेलंय. घाटात पडले तवापासून मला वास येत न्हाई. कशाचाच न्हाई."

कुणीतरी मागं हसलं. मी ते हसू थांबू दिलं. मग म्हणाले, "म्हनून उकळून बघते. ज्याला उशीर होतोय त्यानं टँकरला घालावं, माझा राग न्हाई. पन माझ्या कढईत खराब दूध जानार न्हाई."

बापू कळशी खाली ठेवत म्हणाले, "मंग आधी सांगायचं की. वास मीच घिऊन सांगितला असता." आणि जरा थांबून, "पन माझं दूध मला वंगाळ कसं लागंल? तू उकळच."

यावर सगळी रांग हसली आणि त्या हसण्यात मीही होते. तरी त्या आठवड्यात बरेच लोक टँकरकडे गेले. मला भीती वाटत होती, पण लपवण्याचं ओझं उतरलं होतं, आणि झोप लागायला लागली होती.

बीडला रफिकभाईंचं मिठाईचं दुकान आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मधल्या काळात त्यांच्याकडे एक करपट खवा गेला होता आणि तो त्यांनी परत पाठवला होता. मी स्वतः एसटीनं गेले आणि त्यांनाही खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "भाबी, बुरा मत मानो. शादियों का सीझन है. मैं भरोसे पे माल नहीं ले सकता." त्यांनी दुसरीकडून खवा घ्यायला सुरुवात केली. सगळीच माणसं खरं ऐकून विरघळतात असं नाही, आणि त्यांनी का विरघळावं? मी दर आठवड्याला एसटीच्या कंडक्टरकडे त्यांच्यासाठी खव्याचा छोटा गोळा पाठवत राहिले. चाखून बघा, एवढंच सांगून.

उलटे वास

डॉक्टरीणबाईंनी वाट पाहायला सांगितलं होतं. नुसती वाट पाहणं माझ्या स्वभावात नाही. मी लवंग, हिंग, कापूर आणि लिंबाची साल वेगवेगळ्या डब्यांत घातली. सकाळी लिंगपूजा झाली की विभूती लावून तिथंच बसायचं, एकेक डबी नाकाशी धरायची आणि तो वास पूर्वी कसा यायचा ते आठवायचं. लवंग म्हटलं की आजीच्या दाताचं दुखणं आठवायचे, हिंग म्हटलं की फोडणी. कुणी सांगितलेलं नव्हतं. वाटायचं, नवी टोकं येत असतील तर त्यांना घराची वाट दाखवायला कुणी तरी असावं.

मालक पहिल्यांदा नुसते बघायचे. एक दिवस माझ्या पाठीमागं येऊन बसले आणि म्हणाले, "तू डोळे मीट. मी धरतो. बघून केलं तर तुझं मन तुला फसवंल." तेव्हापासून डब्या ते धरायचे. "वळख." "न्हाई." "ही?" "न्हाई." आमच्यात त्या काळात बोलणं कमी झालं होतं. ही चार-सहा वाक्यं रोज व्हायची.

थंडी संपत आली होती तेव्हा एका सकाळी चहाचा कप तोंडाशी नेला आणि मला मळमळून आलं. चहाला जळालेल्या टायरचा वास येत होता. वास! मी कप फेकून दिला. मग कांद्याच्या फोडणीला तोच वास, साबणाला तोच, आणि खव्याला तर रॉकेलचा. जे काही यायचं ते घाण यायचं. मी ओकारत हिंडायला लागले. आत्याबाईंनी बाजूला घेऊन विचारलं, "दिवस गेलेत का गं?" मी म्हणाले, "न्हाई, आत्याबाई. नाक आलंय, पन दुसऱ्याच कुनाचं."

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वाईट का होईना, वास येतोय ना? म्हणजे धागे वर पोचतायत. पण चुकीच्या ठिकाणी जोडले जातायत. मेंदूला निरोप मिळतो, पण अर्थ लागत नाही. हळूहळू दुरुस्त होऊ शकतं."

आजारपणातला सगळ्यात कठीण काळ हाच होता. काहीच नव्हतं तेव्हा निदान शांतता होती. आता रोज सकाळी रॉकेलच्या वासाच्या कढईवर उभं राहायचं. वजन उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. थंड भात-दही तेवढं सोसायचं, ते खाऊन मी दिवस काढले. नाकाला पदर बांधून खवा केला. एकही दिवस भट्टी थांबू दिली नाही. थांबले असते तर परत उभी राहिले नसते, हे मला पक्कं माहीत होतं.

बीडचं स्टँड

त्यानंतर उन्हाळ्यात एकदा आम्ही दोघं बीडच्या स्टँडवर चौसाळ्याच्या गाडीची वाट बघत होतो. दुपार होती, वारं पडलेलं. मुतारीच्या बाजूनं एक झुळूक आली. बायकांनी पदर नाकाला लावले. मालकांनीही तोंड फिरवलं. मी मात्र तशीच उभी राहिले.

ते टायर नव्हतं, रॉकेल नव्हतं. तो मुतारीचाच वास होता. जसा असतो तसा, जसा लहानपणापासून माहीत होता तसा.

मी दोन पावलं तिकडं गेले. मालकांनी हात धरला. "अगं, कुठं चाललीस?"

"मुतारीचा वास येतोय!"

"येतोय की. सगळ्या बीडला येतोय. चल इकडं."

"अवो, मला येतोय. मला!"

त्यांना कळायला क्षणभर वेळ लागला. मग ते माझा हात तसाच धरून माझ्या शेजारी उभे राहिले. लोक आमच्याकडे बघत होते. गाडी लागली, भरली आणि निघून गेली. आम्ही पुढच्या गाडीनं गेलो.

जे आलं आणि जे आलं नाही

मग एकेक करून वास आले. त्याला क्रम नव्हता. गूळ आला, उकडलेल्या तुरीच्या शेंगा आल्या, तव्यावरची ज्वारीची भाकरी आली. हिंग बराच उशिरा आला. खव्याचा वास आला तो पूर्वीसारखा नाही, पुसट, पण करपट आणि गोडसर यांतला फरक कळतो. तरी मी अजून कानानंच उतरवते आणि दूध अजून उकळून बघते. टँकरकडे गेलेले काही जण परत आले, काही आले नाहीत. रफिकभाईंनी त्या दिवाळीला पुन्हा माल मागवला. निरोप एवढाच होता, "गोला नहीं, अब टोकरी भेजो."

ज्यांचं नाक गेलं आहे त्यांना माझं सांगणं थोडकं आहे. डोक्याला मार लागल्यावर चव गेली तर तोंडाला दोष देऊन बसू नका, नाकाच्या डॉक्टरांना दाखवा. घरच्यांना सांगा. गॅस आणि शिळं अन्न यांची जबाबदारी ज्याला वास येतो त्याच्याकडे द्या, त्यात कमीपणा नाही. रोज वास घेत राहा, येत नसला तरी. आणि घाण वास यायला लागले तर घाबरू नका.

काही वास आलेच नाहीत. चंदन आलं नाही. आणि माझ्या लेकीचा वास आला नाही.

गिरिजा लहान असताना मी तिच्या टाळूला नाक लावून झोपायचे. तेलाचा नाही, साबणाचा नाही, तिचा असा एक वास होता, तो कशासारखा होता ते मला आता सांगताही येत नाही. उलट्या वासांच्या दिवसांत ती जवळ आली की मला मळमळायचं आणि मी तोंड फिरवायचे. ती लहान होती, पण तिला कळायचं. ते दिवस सरल्यावर मी तिला जवळ घेतलं, सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाले, मी रोज वास घेऊन बघणार, येईल एखाद दिवशी. तेव्हापासून ती शाळेत जाताना माझ्यापुढं येऊन उभी राहायची आणि मी तिच्या केसांत नाक घालायचे.

यंदा ती दहावीला होती. माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली आहे. पहिल्या पेपरच्या दिवशी मालक बाहेर गाडी चालू करून हाका मारत होते, आत्याबाई तिच्या हातावर दही देत होत्या. ती चप्पल घालून दारापर्यंत गेली, परत फिरली, माझ्यासमोर आली आणि मान खाली वाकवली.

मी दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं, डोळे मिटले आणि पोटापर्यंत श्वास ओढला.

"आला?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"बरं," ती म्हणाली, आणि मान तशीच वाकवून उभी राहिली. "अजून एकदा घे. वेळ हाय."